जोडी कुणाची कुणाशी?

वाचकहो, खेड्यात 'जोडी' म्हटले की प्रथम डोळ्यांसमोर बैल येतात. बाजारात जोडी पाहताना आपण उंची पाहतो, चाल पाहतो, दात मोजतो, डावीकडे कोण चालतो आणि उजवीकडे कोण हे विचारून घेतो. गेली काही वर्षे मात्र हा शब्द घरातल्या बायकांच्या तोंडी दुसऱ्याच अर्थाने ऐकू येतो. मध्यंतरी एका गावी ओट्यावर शेंगा फोडीत चारपाच जणी बसल्या होत्या. "ती जोडी शोभतच नव्हती, मोडली ते बरंच झालं," असे एक तावातावाने म्हणत होती. मला वाटले, कुणीतरी बैल विकले. कोणाचे म्हणून विचारले, तर सगळ्याजणी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बोलणे टी. व्ही.वरच्या मालिकेतील नवरा-बायकोचे चालले होते.

तुम्ही म्हणाल, बियाणे आणि खते सोडून हा गृहस्थ मालिकांच्या मागे का लागला? त्याचे असे आहे. माझी जवळजवळ तीस वर्षांची नोकरी कृषी विस्ताराची. शेतकरी दिवसा रानात असतो, म्हणून आमच्या बैठका संध्याकाळी ठेवाव्या लागतात. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक रंगात आले असावे, पुढे बसलेल्या बायका लक्ष देऊन ऐकत असाव्यात आणि साडेसातला पाच मिनिटे कमी असताना एकेक जण हळूच उठावी, हे मी किती वेळा पाहिले याची गणती नाही. पहिल्या पहिल्याने राग यायचा. पुढे मी बैठकीची वेळ बदलली आणि त्या कुठे जातात, काय पाहतात आणि पाहून झाल्यावर कशावरून भांडतात, हे विचारू लागलो. त्या भांडणांनी मला पुष्कळ शिकवले. आमच्या घरातलेही एक भांडण मी आज सांगणार आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूक आहे.

आमच्या लहानपणी असे भांडण नव्हते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण आमच्या गावात टी. व्ही. यायला पुढे दहाबारा वर्षे गेली. तो ग्रामपंचायतीत एका लाकडी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली शिपायाच्या करगोट्याला. 'आमची माती, आमची माणसं' लागले की थोरली माणसे पुढे आणि आम्ही पोरे खिडकीत. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे, तेव्हा तर चावडीपुढे पाय ठेवायला जागा नसे. पण राम-सीतेच्या जोडीत खोड कोण काढणार? सारा गाव एकाच बाजूचा होता. आता घरोघरी टी. व्ही. आहे, तरण्या पोरांच्या हातात मोबाईल आहे, आणि प्रत्येकाची आवडती जोडी वेगळी आहे.

राणादाचे गाव

शेतकरी घरांतून सर्वांत जास्त कौतुक झाले ते राणा आणि अंजली या जोडीचे. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ ते २०२१ अशी चालली. चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात झाले. राणा हा शेतकरी, तालमीतला गडी, शिक्षण बेताचे. अंजली शाळेत शिकवणारी. पडद्यावर हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी ही कामे केली आणि मालिका संपल्यावर, डिसेंबर २०२२ मध्ये, त्या दोघांनी खरोखरच लग्न केले. ती बातमी आली तेव्हा एका गावच्या सोसायटीत पेढे वाटलेले मी पाहिले आहेत. जणू घरचेच कार्य!

पण या जोडीवरूनही मतभेद होतेच. ते जोडी शोभते की नाही याबद्दल नव्हते, तर अशी जोडी खरोखर जमते का याबद्दल होते. तरणी पोरे म्हणायची, मास्तरीण शेतकऱ्याच्या घरी सुखाने राहते, हे बघा. त्यांच्या आया म्हणायच्या, असली जोडी टी. व्ही.तच जमायची बाबा, आम्ही दोन वर्षे पोरगी शोधतोय. याच डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. एकाच महिन्यात दोन वराती निघाल्या. त्यांपैकी कोणती आपल्या गावात जास्त दिसते, हे मी सांगायला नको.

विरजण बंद झाले

खरे कडाक्याचे भांडण लागले ते राधिकेवरून. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिकाही २०१६ साली सुरू झाली आणि २०२१ पर्यंत चालली. राधिका ही नागपूरकडची, बोलणे वऱ्हाडी, घरसंसारात बुडालेली. नवरा गुरुनाथ शनायाच्या नादी लागतो. राधिका रडत न बसता मसाल्यांचा धंदा उभा करते आणि मोठी होते. अनिता दाते यांनी केलेली ही राधिका बचत गटाच्या बायकांना आपल्यातलीच वाटली, यात नवल नाही. मधल्या काळात शनायाचे काम करणारी नटी बदलली, पुन्हा पहिली आली, पण भांडणात काही फरक पडला नाही. राग शनायावर होता, नटीवर नव्हता.

२०२० च्या सुरुवातीला राधिकेचे लग्न सौमित्रशी लागले आणि गावोगाव दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, गुरुनाथला धडा शिकवून, माफी मागायला लावून शेवटी त्यालाच घरात घ्यायला हवे होते. मुलाचा बाप तो बाप. दुसऱ्या तटाचे म्हणणे, ज्याने अडचणीत साथ दिली तोच खरा जोडीदार. माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावात दोन शेजारणींचे यावरून इतके वाजले, की आठ दिवस एकीच्या घरचे विरजण दुसरीच्या घरी गेले नाही. शेवटी दूध नासायला लागले तेव्हा समेट झाला.

मी त्यांपैकी एकीला विचारले, "अहो, ती गोष्ट खोटी, माणसे खोटी, मग तुम्ही कशापायी भांडता?" ती म्हणाली, "साहेब, गोष्ट खोटी हाय, पर माझ्या लेकीचा नवरा खरा हाय." तिची लेक दीड वर्षापासून माहेरी आलेली होती, हे मला त्या दिवशी कळले. लेकीने परत नांदायला जावे, असे आईला वाटत होते, म्हणून राधिकेनेही गुरुनाथकडे जावे, असे तिचे म्हणणे. लेक मात्र शेजारणीच्या बाजूची होती. मायलेकींना एकमेकींशी जे बोलता येत नव्हते, ते राधिकेच्या नावाने बोलले जात होते.

आता एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. या जोड्यांचे पुढे काय व्हायचे, हे लिहिणारा काही आकाशवाणी ऐकून लिहीत नाही. कोणती मालिका किती घरांत पाहिली गेली, याचे आकडे दर आठवड्याला येतात. आकडा घसरला की जोडी मोडते, चढला की मोडलेली जोडी पुन्हा समोरासमोर येते. म्हणजे आपण भांडावे हाच त्यांचा धंदा आहे. बाजारात दलाल दोघांचीही पाठ थोपटतो, तसेच हे. हे माहीत असूनही मी स्वतः त्यात सापडलो, ती हकीगत अशी.

आमच्या घरातील अरुंधती

'आई कुठे काय करते' ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. मूळ कथा बंगालीतील 'श्रीमोयी' या मालिकेची. हिंदीत तीच 'अनुपमा' म्हणून आली. म्हणजे जे भांडण आपल्याकडे झाले, ते बंगाल्यांच्याही घरी झालेच असेल. अरुंधतीच्या लग्नाला पंचवीस वर्षे होतात त्याच दिवशी तिला कळते, की नवरा अनिरुद्ध याचे संजनाशी संबंध आहेत. पुढे घटस्फोट होतो. मग कॉलेजातला जुना मित्र आशुतोष तिच्या आयुष्यात येतो. सासरे अप्पा तिच्या पाठीशी उभे राहतात, सासू कांचन यांना ते रुचत नाही. तिची मुले लग्नाच्या वयाची झालेली. अशा बाईने पुन्हा लग्न करावे की नाही? मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधती इतकी साधी उभी केली, की प्रश्न आपल्याच माजघरात आल्यासारखा वाटे.

आमच्या घरात तर तो आधीच येऊन बसला होता. आम्ही तिघे भाऊ. थोरला शेती पाहतो, मी नोकरीत, आणि धाकटा २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाने गेला. त्याची बायको तेव्हा तेहतीस वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. वाटणीत धाकट्याच्या नावावर दोन एकर आले होते. ते रान थोरलाच करू लागला. कुणी कुणाला काही बोलले नाही. ती घरात होतीच, खात-पीत होती, रानात राबत होती.

संध्याकाळी मालिका लागली की आई खाटेवर, वहिनी भाजी निवडीत, पुतणी अभ्यासाचे पुस्तक मांडीवर घेऊन, आणि धाकटी चुलीपुढे. तिची पाठ टी. व्ही.कडे असे. भाकरी थापण्याचा आवाज मात्र कधी कधी मध्येच थांबत असे.

आईचा आशुतोषला सक्त विरोध. "पोरांची लग्नं करायच्या वयात ही कसली थेरं?" वहिनी आशुतोषच्या बाजूची. "सासूबाई, अनिरुद्धनं केलं ते चाललं, हिनं केलं की थेरं व्हय?" पुतणी तर इतकी तावातावाने बोले, की आई तिला म्हणे, "तुझंच लगीन मोडून यायचं असलं तर आत्ताच सांग." सुट्टीच्या दिवशी मी गावी असलो की माझ्याकडे न्यायनिवाडा येई. मी मोठ्या शहाणपणाचा आव आणून म्हणत असे, "अरुंधती स्वतःच्या पायावर उभी आहे. तिला आता कुणाची गरज काय? तिने एकटीनेच ताठ मानेने राहावे." पुतणीला माझे म्हणणे फार सुधारलेले वाटे. मलाही वाटे.

२०२३ साली अरुंधती-आशुतोषचे लग्न लागले. त्या आठवड्यात आई अंगणात जाऊन बसली, टी. व्ही.कडे फिरकली नाही. सकाळी मात्र पुतणीला हळूच विचारून घेतले, की शालू कोणत्या रंगाचा होता. त्या रात्री पुतणीने चुलीपुढे जाऊन विचारले, "काकू, तुला काय वाटतं? तिनं केलं ते बरोबर का?"

धाकटी म्हणाली, "तिला गाणं येतंय. तिचं कुठं बी भागंल."

एवढेच. कुणी पुढे विचारले नाही. मीही भाकरीचा तुकडा मोडून जेवू लागलो.

आपल्या शेतकरी समाजात विधवेचे लग्न ही काही नवीन गोष्ट नव्हे. अनेक जातींत पाट लावण्याची रीत होती. रात्री, वाजंत्री न लावता का होईना, पण पाट लागे आणि बाई दुसऱ्या घरी नांदे. मग वरच्या म्हणवणाऱ्यांचे पाहून कितीतरी घरांनी ती रीत टाकून दिली. अलीकडे मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले. आमच्या गावातही त्यावर चर्चा झाली. मी स्वतः ग्रामसभेत बोललो. टाळ्याही पडल्या. पण बांगड्या राहिल्या, तरी रानाचे काय, हे मी त्या सभेत बोललो नाही.

बैलाची जोड

२०२४ मध्ये ती मालिका संध्याकाळची वेळ सोडून दुपारी अडीचला गेली. आमच्याकडे ती वेळ जेवणानंतर अंग टाकण्याची. म्हणून बायकांबरोबर थोरलाही एक डोळा उघडा ठेवून पाहू लागला. त्या उन्हाळ्यात मी रजेवर गावी होतो. मालिकेत आशुतोषचा मृत्यू झाला आणि अरुंधती पुन्हा एकटी पडली. आणि आई, जिने त्या लग्नाचे तोंड पाहिले नव्हते, ती पदराने डोळे पुसू लागली.

थोरला हसला. "आई, ती जोडी तुलाच नको हुती न्हवं?"

आई एकदम उसळली. "नको हुती. पर पोर पुन्यांदा उघडी पडली, ते बघवंना." मग थोडा वेळ गप्प राहून थोरल्याकडे बघत म्हणाली, "पवळ्या बैल मेला तवा तू तीन बाजार हिंडलास. उरलेल्याला जोड पायजे म्हणून. एकट्या बैलाला सावड करून कुणाच्या तरी औताला जुंपलास, पर गोठ्यात उभा करून ठेवला न्हाईस. आन् ह्या घरात एक पोर तीन वरीस उभी हाय, तिची जोड बघायला कोण कुठल्या बाजारात गेलं?"

टी. व्ही.वर जाहिरात लागली होती. ती कुणी बंद केली नाही.

थोरला माझ्याकडे बघू लागला, मी थोरल्याकडे. धाकटी दाराशी ताटे घासत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि आत येऊन म्हणाली, "आत्या, जोडीचं मागनं बघू. दादा, आधी सातबाऱ्यावर माझं आन् पोराचं नाव लावून द्या. मग मी सांगीन मला लगीन करायचं का न्हाई."

वाचकहो, माझी त्या वेळी जी अवस्था झाली, ती लिहिण्यासारखी नाही. तीस वर्षे मी गावोगाव सांगत फिरलो, की वारसनोंद वेळेवर करा, सातबारा अद्ययावत ठेवा. नाव नसेल तर पीककर्ज मिळत नाही, पीकविमा मिळत नाही, योजनेचे पैसे येत नाहीत. आणि माझ्याच घरी, भाऊ जाऊन तीन वर्षे झाली तरी दोन एकर त्याच्याच नावावर पडून होते. का? थोरल्याच्या मनात काय होते ते तो जाणे. माझ्या मनात काय होते ते मला त्या दुपारी दिसले. अरुंधतीने एकटीनेच ताठ मानेने राहावे, असे मी जे म्हणत होतो, त्यातली ताठ मान हे तोंडाने बोलण्याचे होते. आतून भीती ही, की धाकटीने लग्न केले तर दोन एकर दुसऱ्या गावच्या माणसाच्या औताखाली जातील. पिकाच्या मुळाशी हुमणी लागली की झाड वरून हिरवे दिसत असतानाच वाळायला लागते. तसे माझे सुधारलेपण.

ही भीती माझ्या एकट्याची नाही, म्हणून कायदा काय आहे तो येथे सांगतो. १८५६ च्या कायद्याने विधवेच्या लग्नाला मोकळीक दिली, पण त्याच कायद्यात असेही होते, की लग्न केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपेल. गावात अजून लोक बोलतात ते त्या जुन्या कलमाप्रमाणे. तो कायदा १९८३ मध्येच रद्द झाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता वारला, की त्याच्या बायकोला, मुलामुलींना आणि आईला सारखा हिस्सा मिळतो. बायकोला मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा. नंतर तिने लग्न केले म्हणून तो कुणाला काढून घेता येत नाही. त्या कायद्यात एक कलम असे होते, की वारलेल्या मुलाची किंवा भावाची विधवा पुन्हा लग्न करून गेलेली असेल, तर तिला त्या नात्याने वारसा मिळत नसे. तेही २००५ साली काढून टाकले. मुलाचा हिस्सा मुलाचाच राहतो, आई कुठेही नांदो. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते असे नाही. विचारले कुणी नाही, म्हणून मी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी मी धाकटीला घेऊन तलाठ्याकडे गेलो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, प्रतिज्ञापत्र, अर्ज. कागद फार लागत नाहीत, मन लागते. नोंद धरली गेली, नोटीस चावडीवर लागली. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. ते पंधरा दिवस धाकटी रोज दळणाच्या निमित्ताने चावडीवरून जाऊन येत असे, हे मला वहिनींनी नंतर सांगितले. तिला वाटत होते, हरकत घरातूनच येईल. आली नाही. थोरला त्या दिवसांत बोलत नव्हता, पण सोळाव्या दिवशी मोटारसायकल काढून उतारा आणायला तोच गेला.

संध्याकाळी पुतणीने उतारा मोठ्याने वाचला. धाकटीचे नाव, तिच्या मुलाचे नाव आणि आईचे नाव. आईला आपले नाव लागणार हे माहीतच नव्हते. तिने ते दोनदा वाचायला लावले आणि मग म्हणाली, "आता मलाबी इचारल्याबिगर रान कुणी इकायचं न्हाई." धाकटीने उतारा घेऊन पोराच्या शाळेच्या दाखल्याबरोबर ट्रंकेत ठेवला.

त्या वर्षी खरिपात तिने स्वतःच्या नावाने पीकविम्याचा अर्ज भरला. दोन एकरांपैकी एकात सोयाबीन आणि तूर, चारास एक ओळीने, उरलेल्यात भुईमूग. रान थोरल्याकडेच आहे, पण अर्धेलीने, आणि हिशोब ती वहीत लिहिते. वहिनींच्या माहेरच्या बाजूने एक स्थळ आले आहे. माणूस बागायतदार, बायको आजाराने वारलेली, एक मुलगी आहे. आई घाई करते. धाकटी म्हणते, आधी त्याच्या मुलीला भेटते, मग त्याला.